रायफलची काडतुसं घरी भरायची तर दारू कशी निवडतात? (आणि आमच्या ठासणीबद्दल एक शंका)

रातांबा
मंडळी, नमस्कार. मुक्काम देवगड तालुका, धंदा आंब्याचा. मामेभाऊ टेक्सासात असतो. त्याला हरणाच्या शिकारीचा नाद आहे, तिकडे ते परवाना काढून रीतसर चालतं. परवा व्हिडिओ कॉलवर त्याने गॅरेज दाखवलं. फळीवर ओळीने प्लास्टिकचे डबे, व्यायामवाल्यांचे प्रोटीन पावडरचे असतात तसे, आणि सगळ्यांत बंदुकीची दारू. झाडलेल्या काडतुसांच्या पितळी केस जमवून पुन्हा भरतो म्हणे. मी म्हटलं, एवढे डबे कशाला, एकच चांगली दारू आण आणि संपव. तर म्हणाला, चांगली-वाईट असं त्यात नसतंच. तेवढ्यात त्याला कोणीतरी हाक मारली नि विषय तिथेच राहिला.

तर मग निवडतात तरी कशावरून?

दुसरं. आमच्याकडे बाबांच्या नावावर शेतसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची. वाडीतल्या एकाचं म्हणणं, काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीच्या दारूत थोडी मिसळली की बार जोरात बसतो आणि धूर कमी होतो. कोणी केलंय का असं?

मूळचा_वेंगुर्ल्याचा
रातांबा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, पहिलं थांबू शकतं. नाही. चिमूटभरही नाही, मिसळूनही नाही. ठासणीच्या बंदुकीत काळी दारू आणि फक्त काळी दारू. ज्यांनी हा सल्ला दिला ते बार काढत असतील तेव्हा त्यांच्या आसपास उभे राहू नका. कारणं रात्री लिहितो, आता कामावर निघालोय.

रातांबा
लगेच बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मी काय खुळो आसंय?" म्हणजे त्यांना माहीत होतं, मलाच नव्हतं. धन्यवाद.

मूळचा_वेंगुर्ल्याचा
हां, आता निवांत.

मी पेनसिल्व्हेनियात असतो आणि काडतुसं घरी भरतो. इथे स्वतःपुरती भरायला वेगळा केंद्रीय परवाना लागत नाही, विकायला लागतो. भारतातली गोष्ट पूर्ण वेगळी आहे, ती कोणी जाणकार सांगेलच.

तुमचा भाऊ बरोबर बोलला. दारू जोरदार की हलकी हे कोणी बघत नाही. बघतात ती किती वेगाने जळते. पिस्तुलाची केस छोटी, नळी वीतभर, गोळीला नळीत वेळच मिळत नाही. तिथे झटकन जळणारी दारू हवी. रायफलची केस मोठी आणि गोळी लांब, जड, नळीच्या आट्यांत घट्ट बसणारी. तिला मागून रेटत न्यायचं असतं, म्हणजे गोळी पुढे सरकत असताना मागे वायू तयार होत राहिला पाहिजे. पिस्तुलाची वेगवान दारू रायफलच्या केसमध्ये रायफलच्या मापाने पडली तर गोळी हलायच्या आत दाब कुठल्याकुठे जातो. मग बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा अडसर), नळी आणि भरणाऱ्याचा चेहरा, काहीही शाबूत राहील याची खात्री नाही.

हा वेग दाण्यात बांधलेला असतो. रायफलची पुष्कळशी दारू म्हणजे बारीक दांडीचे तुकडे, मधून आरपार भोक. दांडी बाहेरून जळत बारीक होते तसं भोक आतून मोठं होतं, त्यामुळे जळणारा पृष्ठभाग साधारण तेवढाच राहतो. वर एक लेप असतो, तो सुरुवातीच्या जळण्याला लगाम घालतो. दुसरी जात गोल किंवा दाबून चपट्या केलेल्या दाण्यांची, तिला बॉल पावडर म्हणतात. ती मापातून सरसर पडते, दांडीवाली अडकते, करकर वाजते आणि मापात कमी-जास्त होते. म्हणून दांडीवाली मी काट्यावरच तोलतो. ताटलीत थोडी कमी टाकायची आणि शेवटचे दाणे हाताने फिरवायच्या बारीक नळीतून एकेक करून पाडायचे. कोरड्या हवेत दाणे नरसाळ्याला विजेने चिकटून बसतात, तो एक वैताग. तुमच्याकडे कोकणात तो प्रश्न येणारच नाही म्हणा.

निवडताना तीन गोष्टी बघायच्या: केस कोणती, गोळी किती वजनाची, नळी किती लांब. एकाच केसमध्ये गोळी जड झाली की दारू सहसा मंद घेतात. .३०८ विंचेस्टर हे काडतूस भरणारे वारगेट नाहीतर आयएमआर ४०६४ नावाची दारू घेतात. .३०-०६ मध्ये जड गोळी असेल तर ४३५० च्या आसपासची. ६.५ क्रीडमूरवाल्यांचा जीव एच ४३५० मध्ये अडकलेला, आणि २०२० नंतरच्या टंचाईत तो डबा दुकानात दिसणं म्हणजे पर्वणी होती. सात मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नमसारख्या अवाढव्य केसला याहूनही मंद, रेटम्बो वगैरे. तुमच्या भावाकडे वेगवेगळ्या रायफली असतील तर डबे आपोआप वाढतात, त्यात त्याची चूक नाही.

अजून एक कसोटी मी फार मानतो. केस जवळजवळ भरेल अशी दारू घ्यावी. तिला आत हलायला जागा नसते म्हणून प्रत्येक बार सारखा जातो, आणि चुकून दुसऱ्यांदा ओतली गेली तर ती केसबाहेर सांडते, तिथल्या तिथे कळतं. थोड्याशा दारूत काम भागतं म्हणून वेगवान दारू निवडणाऱ्यांची दुप्पट भरलेली केस वरून ओळखूच येत नाही. भरून झाल्यावर सगळ्या केस लाकडी ठोकळ्यात उभ्या करून टॉर्च मारायचा, दारूची पातळी सगळीकडे एक दिसली पाहिजे. मगच गोळी बसवायची.

किती ग्रेन (दारू तोलायचं बारीक वजन) भरायची ते इथे लिहिणार नाही, विचारूही नका. होजडन, हॉर्नाडी, लायमन यांची पुस्तकं त्यासाठीच आहेत. त्यांतल्या सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरुवात करून दाबाची लक्षणं बघत वर जायचं. धाग्यावर वाचलेला आकडा वापरायचा नाही, हा धागा धरून.

आंबोशी
उत्तम प्रतिसाद. एक बाळबोध शंका. जळण्याच्या वेगाची यादी नेटवर मिळते, सगळ्यात वेगवान ते सगळ्यात मंद. त्यात शेजारी-शेजारी असलेली दारू एकमेकींच्या जागी चालते का? एक संपली की दुसरी?

मूळचा_वेंगुर्ल्याचा
नाही, आणि इथेच शिकलेसवरलेले लोक फसतात. त्या यादीत फक्त क्रम असतो, अंतर नसतं. दहावी आणि अकरावी यांत नखाएवढा फरक असेल किंवा हातभर, यादीवरून कळत नाही. शिवाय दोन कंपन्यांच्या याद्यांत क्रमही वेगळा सापडतो.

त्याहून वाईट म्हणजे नावं. ४८९५ नावाची दारू दोन ब्रँडांची मिळते, आयएमआर ४८९५ आणि एच ४८९५. आकडा एकच, दारू वेगळी, पुस्तकात दोघींची मापं वेगळी. ४३५० चं तर तीन ठिकाणी. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस होजडन यांनी लष्कराची उरलेली ४८९५ विकत घेऊन किरकोळीत विकायला सुरुवात केली, तेव्हापासून हा आकडा लोकांच्या तोंडी बसला. आता गंमत अशी की आयएमआर हे नावही होजडनकडेच आहे, तरी दोन्ही डबे वेगळेच. डब्यावरची अक्षरं आकड्याइतकीच नीट वाचायची. आणि टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा ठेवायचा. काम झालं की उरलेली दारू त्याच्याच डब्यात परत.

काळाकोट
कोर्टातून आत्ताच आलो. धागा वाचून थोडी धडकी भरली म्हणून लिहितो.

शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५. शस्त्र किंवा दारूगोळा यांचं उत्पादन, विक्री, हस्तांतर, दुरुस्ती, चाचणी, सगळ्याला परवाना. घरच्या घरी काडतूस भरणं म्हणजे दारूगोळा तयार करणंच. बंदूक बाळगायचा परवाना आहे म्हणून काडतूस भरायचा परवाना आहे असं होत नाही. आपल्याकडे परवानाधारकाने अधिकृत विक्रेत्याकडून तयार काडतुसं घ्यायची, परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेत, आणि नोंद करून.

रातांबा
काळाकोट साहेब, भाऊ गणपतीला येणार आहे. म्हणत होता, काडतुसं भरायचा जुना प्रेस पडून आहे, नुसतं लोखंड आहे, बॅगेत घालून आणतो, शोभेला ठेव. त्याला काही हरकत नसावी ना?

काळाकोट
अहो, आणू नका! कलम २ मधली दारूगोळ्याची व्याख्या वाचा. तिच्यात दारूगोळा बनवायची यंत्रसामग्री आणि सुटे भाग स्पष्ट लिहिलेले आहेत. तुमच्या लेखी ते लोखंड, कायद्याच्या लेखी तो दारूगोळा. रिकामी केस, गोळ्यांची टोकं, प्रायमर (काडतुसाच्या बुडातली पेट घेणारी टोपी), काही म्हणजे काही नको. विमानतळावर भावाची गणपतीची सुट्टी जाईल आणि आमच्यासारख्या कोणाचं तरी बिल होईल. त्यापेक्षा चॉकलेटं आणायला सांगा.

रातांबा
कळवलं. त्याने अंगठा पाठवलाय.

सडावरचो
मी काय सांगतंय ता आयका. ही सगळी रायफलची गजाली अमेरिकेची. हयसर कोणाकडे रायफल आसा? आमच्याकडे ठासणी, नायतर एकनळी काडतुसाची. ठासणीत दारू, वर चिंध्येचो बोळो, गजान ठोकायची, मगे छरे, परत बोळो. टोपी लावली की झाला. बापाशीन माका एकच शिकवल्यान, दारूचा माप ठरलेला, त्या मापात हात घालूचो नाय.

पण ह्या मिसळाचा मी पण आयकलंय. आमच्या बाजूच्या गावात एकाची नळी बुडाकडसून फाटली. जीव वाचलो, डाव्या हाताची बोटा गेली. कारण माका म्हायत नाय, पण लोक ह्याच बोलतत. कोणी इंजिनेरान सांगा, फाटता कित्याक?

मूळचा_वेंगुर्ल्याचा
सडावरचो, तुमच्या वडिलांनी अर्धं पुस्तक एका वाक्यात सांगितलं.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. जळल्यावर तिचा निम्म्याहून कमी भाग वायू होतो, बाकी सगळं घन. तोच पांढरा धूर आणि नळीत राहणारी काळी राख. बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजची, काही प्रकारांत नायट्रोग्लिसरीनही. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी ती रायफलसाठी उपयोगाची करून दाखवली. ती जवळजवळ सगळीच वायू होते. म्हणजे ठासणीचं माप तेवढंच ठेवून ही दारू घातली तर त्याच जागेत कितीतरी जास्त वायू. वर बोळा गजाने घट्ट ठोकलेला, आणि नळी काळ्या दारूच्या दाबाला पुरेल एवढीच जाड. तुलनेसाठी एक आकडा देतो. आजच्या .३०८ रायफलला कमाल दाब ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) मान्य आहे. जुन्या .४५-७० ला, जे काळ्या दारूच्या काळातलं काडतूस आहे, २८,०००. आणि ते दोन्ही पोलादी कोठडीत बंद. तुमच्या ठासणीला मागे एक आट्याचा बूच आणि वर टोपीची चोची, बस.

"थोडीशी मिसळली" हे तर जास्तच वाईट. मिसळलेली दारू कशी जळेल याचं पुस्तक कोणाकडेच नाही. आज बार ठीक गेला म्हणून उद्या जाईल असं नाही, कारण मिश्रण रोज वेगळं.

फटाक्यातली दारूही नको. आवाजाच्या फटाक्यांत ॲल्युमिनियमची भुकटी असलेली दारू असते. ती बंदुकीसाठी नाहीच, ती फुटण्यासाठीच केलेली असते.

संपादक मंडळ
काळी दारू घरी करायची कृती विचारणारा एक प्रतिसाद उडवला आहे. पुन्हा विचारल्यास सदस्यत्व उडेल.

गडभटक्या
अवांतर होतंय, पण राहवत नाही. दारूची धास्ती आपल्या किनाऱ्याला जुनीच. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले तेव्हा तोफगोळ्याने एका जहाजाला आग लागली आणि ती पसरत जाऊन आंग्र्यांचं आरमार खाडीतच जळलं. पेशवे त्या वेळी इंग्रजांच्या बाजूला होते हे आठवलं की अजून पोटात ढवळतं. असो.

आंबोशी
गडभटक्या, त्यावर वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

मला दमटपणाबद्दल विचारायचंय. आमच्याकडे जूनमध्ये मीठसुद्धा पाझरतं. दारूचं काय होत असेल? आमचे आजोबा दारूची कुपी चुलीवरच्या उतवीजवळ टांगायचे, सुकट आणि आमसुलांच्या शेजारी. लहानपणी ते फार भारी वाटायचं, आता अंगावर काटा येतो.

मूळचा_वेंगुर्ल्याचा
काटा यायलाच हवा. काळी दारू एका ठिणगीत पेटते, लोखंडावर लोखंड घासलं तरी पुरे. चूल, कंदील, उदबत्ती, विडी, सगळ्यापासून लांब. ओल लागून गड्डे झाले असतील तर कुटायचे नाहीत, उन्हात-विस्तवावर वाळवायचे नाहीत. ज्या परवानाधारक विक्रेत्याकडून घेतली त्यालाच विचारायचं.

बिनधुराच्या दारूचं तंत्र वेगळं. ती ओल धरली की मंद जळते आणि फार सुकली की तेज होते. म्हणून मूळच्या डब्यात, झाकण घट्ट, थंड जागी. इथल्या अग्निसुरक्षेच्या नियमांत घरी २० पौंडांपर्यंत मूळ डब्यांत ठेवायला मुभा आहे. काचेच्या बरणीत ओतून ठेवणारे महाभाग इथेही भेटतात. जुनी झाली की झाकण उघडल्यावर आंबट, नाक झोंबणारा वास येतो आणि विटकरी रंगाची भुकटी दिसते. ती संपली म्हणून समजायची. इथे लोक अशी थोडी दारू बागेत पातळ पसरून टाकतात, झाडांना नायट्रोजन मिळतो.

उष्णतेचंही बघावं लागतं. थंडीत बसवलेलं माप भर उन्हात जास्त दाब देतं, काही दारू त्यात फारच बदलतात. वारगेट आणि एच ४३५० लोकांना आवडतात त्याचं एक कारण हेच, की तापमानाने त्या फारशा हलत नाहीत. दोन्ही ऑस्ट्रेलियात तयार होतात. तिथला उन्हाळा बघता त्यांना ही गरज आधी कळली असणार, हा माझा तर्क.

सडावरचो
ठासणीक आणखी एक. बार काढलो काय त्याच दिवशी नळी धुवा. उद्यावर ठेवलास तर गेली. समुद्राचो वारो आणि आतली राख, रातभरात तांबेरा. गरम पाणी ओतायचा, गजाक फडका गुंडाळून वर-खाली करायचा, आधी काळा कुट्ट पाणी येता, कुजक्या अंड्याचो वास. पाणी निवळ येयसर करायचा. मगे कोरडा फडका, मगे मशिनीचा तेल. खोबरेल घालू नका, थंडीत थिजता आणि चोचीत बसता.

मूळचा_वेंगुर्ल्याचा
+१. ती राख हवेतली ओल शोषून घेते, म्हणून गंज इतका लवकर. नुसतं तेल लावून भागत नाही, क्षार पाण्यातच विरघळतात. आणि धुण्याआधी बंदूक रिकामी आहे का ते गज घालून बघा. गज किती आत जातो त्यावर रिकाम्या नळीची खूण करून ठेवलेली असली की भरलेली लगेच ओळखू येते.

नेमबाज_रत्नागिरी
थोडी माझीही भर. क्लबात नवीन आलेली मुलं यूट्यूब बघून विचारतात, आपण काडतुसं भरू या का, स्वस्त पडतील. दहा मीटरची एअर रायफल हवेवर चालते, तिथे दारूचा संबंधच नाही. पन्नास मीटरचं .२२ तर भरण्यासारखं नसतंच, त्याचा पेट घेणारा मसाला केसच्या काठात बसवलेला असतो, एकदा काठ चेपला की केस गेली. तेव्हा आपल्याकडच्या बहुतेक नेमबाजांना हा प्रश्न पडायलाच नको. आणि .३१५ ची रायफल बाळगणाऱ्यांनाही नाही, सरकारी कारखान्याचं तयार काडतूस घ्यायचं आणि गप्प बसायचं.

कुणकेश्वरी
सगळं छान चाललंय पण मुद्दा काय? माकडं आणि डुकरं. आंबा, काजू, भात, काही ठेवत नाहीत. कागदावर बंदूक दिलीत तर मारू द्या ना. की नुसता आवाज काढायचा आणि माकडांनी टाळ्या वाजवायच्या?

काळाकोट
राग समजतो, माझीही कलमं आहेत आणि माझ्याही बागेत तेच. पण दोन कायदे वेगळे आहेत. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये शेतसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख नावानिशी आहे. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. पण तो परवाना बंदुकीचा, जनावराचा नव्हे. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूचीत आहे. मारायचं तर कलम ११ खाली वनखात्याची परवानगी आधी हवी. नुकसानभरपाईचा अर्ज वेगळा, पंचनामा वेळेत करून घ्या. आणि ते खाद्यात घालायचे गावठी बॉम्ब, त्यांचा विचारही नको. डुक्कर सुटतं आणि शेजाऱ्याच्या गाईचा जबडा जातो.

कुणकेश्वरी
पंचनामा वेळेत! साहेब, चांगला विनोद केलात.

रातांबा
सगळ्यांचे आभार, खूप कळलं. शेवटची शंका. निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली होती. परत आणली तर टोपीची चोची झिजलेली आणि बुडाशी तांबेरा. ती तिथे झाली की आधीच होती, देव जाणे. वाडीतला वेल्डिंगवाला म्हणतो, चोचीच्या जागी बोल्ट आटवून भोक पाडून देतो.

सडावरचो
वेल्डिंगवाल्याक गेट करूक सांग.

काळाकोट
दुरुस्तीलाही परवाना लागतो, वर लिहिलंय. परवानाधारक बंदूक-कारागिराकडेच न्या, तुमचा परवाना सोबत ठेवा, पावती घ्या. आणि पुढच्या वेळी जमा करताना हवालदारांसमोर पावतीवर बंदुकीची अवस्था लिहून घ्या: चोची, घोडा, दस्ता, नळी. शिवाय जमा सरसकट सगळ्यांना करावी लागतेच असं नाही, जिल्ह्याची छाननी समिती ठरवते. शेतसंरक्षणाचं कारण देऊन अर्ज करता येतो. नोटीस आली की लगेच करा, मुदत संपल्यावर माझ्याकडे येऊ नका.

मूळचा_वेंगुर्ल्याचा
आणि कारागिराला बुडाचा बूच काढून आतून बघायला सांगा. तांबेऱ्याने खड्डे पडले असतील तर नवी चोची बसवूनही ती बंदूक भरायची नाही. बाहेरून तेल लावलेली नळी कितीही चकचकीत दिसो.

रातांबा
सोमवारी नेतो. बाबा सोबत येतो म्हणालेत, कारागिरावर त्यांचा विश्वास नाही.